दीड इंचाचं दार

अमेरिकेत स्वतःचं घर घेतलं की माणसाला दोन छंद हटकून लागतात, असं आमचे एक स्नेही म्हणतात. एक लॉनचा आणि दुसरा लॉनबद्दल कुरकुर करण्याचा. मला ते दोन्ही लागलेच, पण त्यांच्या मागोमाग तिसराही लागला, तो म्हणजे पाखरांसाठी लाकडी घरं करण्याचा. पेशानं मी इंजिनिअर असल्यामुळे पेटी ठोकणं म्हणजे शनिवारी सकाळचं काम, चार तासांत उरकेल, असं मला वाटलं होतं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. काम अजून उरकलेलं नाही.

सुरुवात आमच्या चिरंजीवांनी केली. १९९३ साली ते बारा वर्षांचे होते, आणि स्काउटच्या कामासाठी त्यांना ब्ल्यूबर्ड नावाच्या पक्ष्यासाठी दोन पेट्या करायच्या होत्या. आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. घरामागे थोडं गवत, त्यापलीकडे एक जुनं कुरण. सीडरच्या फळ्या आणल्या, दीड इंची भोक पाडायचं पातं आणलं, आणि हाताशी लागली म्हणून एक पेटी घराला लागूनच, डेकच्या खांबावर ठोकली. दुसरी कुरणाच्या कडेला लावली. त्याच वसंतात माझी आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली होती. पहिल्याच सकाळी डेकवर चहाचा कप घेऊन बसलेली असताना ती एकदम ओरडली, "अगंबाई, चिमण्या! इथंसुद्धा आहेत की रे!" इतक्या परक्या मुलखात तिला भेटलेलं हे पहिलं ओळखीचं माणूस. ती रोज सकाळी त्यांना तांदळाचे दाणे टाकू लागली.

मे महिन्यात डेकवरच्या पेटीत ब्ल्यूबर्डच्या मादीनं चार निळी अंडी घातली. चिरंजीव वहीत तारखा लिहीत होते. एक दिवस शाळेतून येऊन त्यांनी पेटीचं दार उघडलं, तर आत मादी मरून पडलेली. डोकं टोचून टोचून रक्तबंबाळ झालेलं. तिच्या अंगावरच गवताच्या काड्या, पिसं आणि आमच्याच घरातल्या दोऱ्याचे तुकडे रचून कुणीतरी नवं घरटं सुरू केलं होतं. ते कुणी केलं हे आम्हाला ग्रंथालयातल्या पुस्तकातून कळलं. आईच्या चिमण्यांनी.

चिरंजीवांनी रडत रडत ते घरटं उपसून काढायला घेतलं आणि आजी त्याच्यासमोर उभी राहिली. "अरे सोन्या, चिमणीचं घर मोडतात का कुणी?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला बरीच पुस्तकं वाचावी लागली. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा वृत्तांत आहे.

पक्ष्यासाठी माणसानं घर बांधावं ही कल्पना जितकी गोड वाटते तितकी मुळात गोड नव्हती. सोळाव्या शतकात हॉलंडमध्ये लोक घराच्या भिंतींवर मातीची गाडगी टांगत. त्यांच्या तोंडातून स्टार्लिंग पक्षी आत जात आणि घरटं करत. (स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीचा चुलतभाऊ.) गाडग्याच्या मागच्या बाजूला हात घालण्याजोगं भोक असे. पिल्लं पुरेशी गुबगुबीत झाली की घरमालकीण मागून हात घालून ती काढी आणि त्यांचा रस्सा करी. सांगायचं ते इतकंच की भाडेकरू ठेवण्यामागे घरमालकाचा हेतू नेहमीच परोपकाराचा असतो असं नाही; न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अशाच मातीच्या 'बाटल्या' पुढे व्हर्जिनियातही आल्या. विल्यम्सबर्गच्या उत्खननात त्या सापडल्या आहेत.

निव्वळ पाखरांच्या लोभापायी घरं बांधणारा जो पहिला माणूस मला पुस्तकांत भेटला, तो म्हणजे इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा चार्ल्स वॉटर्टन (१७८२–१८६५). गडी अव्वल दर्जाचा विक्षिप्त. १८२०च्या दशकात त्यानं आपल्या वॉल्टन हॉल या इस्टेटीभोवती सुमारे तीन मैल लांबीची भिंत घातली आणि आत बंदूक चालवायला बंदी केली. नदीकाठच्या मातीत बिळं करून राहणाऱ्या सँड मार्टिन पक्ष्यांसाठी त्यानं भिंतीत मोरीचे पाइप बसवले, आणि स्टार्लिंगसाठी दगडी मनोराच उभारला.

त्यानंतर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येतो तो जर्मनीतला बॅरन फॉन बर्लेप्श. थुरिंजिया प्रांतात झेबाख नावाच्या गावी त्याची जमीन होती. त्यानं पाहिलं की लोक बाजारातून देखण्या पेट्या आणून झाडाला लावतात आणि त्यांत पक्षी फिरकत नाहीत. तेव्हा त्यानं सुतारपक्ष्यांनी कोरलेल्या ढोल्या मिळवल्या, त्या उभ्या चिरून मोजल्या, आणि तश्शाच आकाराच्या ढोल्या ओंडक्यांत कोरून घेतल्या. आतला तळ निमुळता, दार किंचित वर चढणारं, म्हणजे पाऊस आत येणार नाही. १९०५ साली जवळच्या हाइनिख जंगलातली झाडं अळ्यांनी खाऊन पार बोडकी केली, आणि बॅरनची वनराई मात्र हिरवीच राहिली, ही हकिकत त्या काळच्या पक्षिमित्रांनी सगळीकडे पोचवली. सरकारांना पाखरांचं प्रेम नसतं, पिकांचं असतं. अळ्या खाणारा पक्षी म्हणजे फुकटचा मजूर, हे एकदा पटल्यावर सरकारी कागद हलायला वेळ लागला नाही. अमेरिकेच्या शेतकी खात्यानं १९१४ साली नेड डिअरबॉर्न यांची पक्ष्यांची घरं कशी बांधावीत यावरची पुस्तिका शेतकऱ्यांसाठी काढली. तीत कुठल्या पक्ष्याला किती मापाची पेटी हवी याचं कोष्टक दिलेलं होतं. आज दुकानात पेटीबरोबर जो कागद मिळतो, तो त्या कोष्टकाचा नातूच म्हणायचा.

माप इतकं महत्त्वाचं का, हे सांगायला हवं. बहुतेक पाखरं उघड्यावर, फांदीवर घरटं विणतात. सुगरणीचं तर विचारायलाच नको, तिच्या खोप्याचं कौतुक बहिणाबाईंनी करून ठेवलेलंच आहे. पण काही जातींना ढोलीच लागते. त्यातही सुतारपक्षी स्वतःची ढोली स्वतः खोदतो. उरलेल्या बहुतेकांची चोच त्या कामाची नसते, त्यामुळे सुतारानं सोडलेली जुनी घरं किंवा कुजून पडलेल्या फांदीची पोकळी हाच त्यांना आसरा. म्हणजे ही मंडळी कायमची भाडेकरू, आणि जागेची कायमची टंचाई. ज्याला जेवढं दार मिळेल तेवढ्यात त्यानं शिरायचं आणि मागून येणाऱ्याला हाकलायचं.

म्हणून पेटी करणारा खरं तर चार भिंती आणि छप्पर करत नसतो, तो दार करत असतो. एक इंचाचं दार ठेवलं की फक्त रेन नावाचा एवढासा तपकिरी पक्षी आत जातो. एक अष्टमांश इंच वाढवला की चिकाडीला जागा मिळते. दीड इंच झालं की ब्ल्यूबर्ड आणि ट्री स्वॅलो. तीन इंच केलं की स्क्रीच घुबड किंवा केस्ट्रल हा छोटा ससाणा, आणि त्यांना तळाशी लाकडाचा भुसा घालून द्यावा लागतो, कारण हे दोघे घरात एक काडी आणत नाहीत. रॉबिनला पेटी नकोच असते. त्याला पावसापासून आडोसा देणारी नुसती फळी दिली की पुरे. आणि दारापुढे बसायला ती सुबक दांडी? ती मुळीच लावू नये. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला तिची गरज नसते, तिचा उपयोग होतो तो शत्रूला बसून आत डोकवायला. आमच्या पहिल्या पेट्यांना आम्ही हौसेनं दांड्या लावल्या होत्या.

युरोपीय माणसाच्या कितीतरी आधीपासून या खंडावर पाखरांना घरं देणारे लोक होते. दक्षिणेकडचे चॉक्टॉ आणि चिकसॉ लोक आपल्या वस्तीत एखाद्या रोपट्याच्या फांद्या छाटून, उरलेल्या खुंटांना पोकळ भोपळे टांगत. त्यांत पर्पल मार्टिन येऊन राहत. हा भिंगरीच्या कुळातला जांभळट काळा पक्षी हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढतो आणि वसंतात इकडे येतो. भोपळा म्हणजे आपला दुध्या भोपळाच, वाळवून पोकळ केलेला. मिरजेला ज्याच्या भावकीतल्या भोपळ्यापासून तंबोरे होतात तो. शेतावर आलेल्या कावळ्या-घारींना मार्टिन आरडाओरडा करून पिटाळतात, हा त्यातला व्यवहार. अलेक्झांडर विल्सन या पक्षिशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भोपळ्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ही रीत उचलली. गुलामगिरीत राबणाऱ्या काळ्या लोकांनीही आपल्या झोपड्यांपुढे काठ्यांवर भोपळे टांगले. ऑड्यूबॉन तर लिहून गेला आहे की गावोगावच्या खाणावळींच्या पाटीवर मार्टिनची पेटी असे, आणि पेटी जितकी देखणी तितकी खाणावळ चांगली निघे. मोटेलची निवड करायला ही कसोटी आज कामाला आली असती.

याचा शेवट मोठा चमत्कारिक झाला. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मार्टिन आज जवळपास सगळेच्या सगळे माणसानं टांगलेल्या घरांत राहतात. पिढ्यानुपिढ्या आयतं घर मिळत गेलं आणि झाडाच्या ढोलीचा मार्ग सुटला. उद्या सगळ्यांनी पेट्या काढून घेतल्या तर इकडच्या मार्टिननं जायचं कुठे? इलिनॉय राज्यात ग्रिग्झव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. तिथे टीव्हीच्या अँटेना करणाऱ्या जे. एल. वेड नावाच्या कारखानदारानं १९६०च्या दशकात मार्टिनसाठी ॲल्युमिनियमच्या बहुमजली चाळी काढल्या आणि भर रस्त्यात पाचशेहून जास्त खोल्यांचा मनोरा उभा केला. एक मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो अशी जाहिरात झाली. ती साफ चुकीची होती. मार्टिन दिवसा उंच आकाशात शिकार करतो, डास संध्याकाळी गवतावर घोंघावतात, दोघांची गाठ पडणार कधी? पण त्या थापेमुळे घरोघर मार्टिनच्या चाळी लागल्या हेही खरं.

वुड डक या बदकाची गोष्टही अशीच. पाणथळ जंगलं तोडली गेली, त्यात बेसुमार शिकार; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे देखणं बदक नाहीसं होतंय की काय अशी पाळी आली. १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा झाला आणि त्याच्या शिकारीवर बंदी आली. १९३०च्या दशकाच्या अखेरीला इलिनॉय नदीकाठी त्याच्यासाठी शेकडो पेट्या लागल्या. दार आडवं लंबगोल, चार इंच रुंद आणि तीन इंच उंच, म्हणजे बदक आत जाईल आणि गलेलठ्ठ रॅकून बाहेर राहील. पिल्लं जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी दारातून थेट खाली उडी घेतात, म्हणून आतून चढायला तारेची जाळी ठोकावी लागते. पुढे लोकांना वाटलं, एवढी सोय आहे तर पेट्या ओळीनं जवळजवळ, दिसतील अशा लावू. १९८०च्या दशकात सेमेल आणि शर्मन या अभ्यासकांनी दाखवलं की त्यातून भलतंच होतं. शेजारणी एकमेकींच्या मागोमाग जाऊन एकाच पेटीत अंडी घालतात, ढीग लागतो, आणि बरीचशी अंडी वाया जातात. जंगलात ढोल्या लपलेल्या आणि लांबलांब असतात, त्याला कारण होतं.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे आईच्या चिमणीकडे येतो.

चिमणी या देशात आपणहून आलेली नाही. १८५०च्या सुमाराला न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनच्या रस्त्यांवरची झाडं अळ्यांनी खाऊन टाकली होती. रस्त्यानं जाणाऱ्याच्या टोपीवर वरून अळ्या लोंबत. त्यावर उपाय म्हणून ब्रुकलिनच्या काही पुढाऱ्यांनी इंग्लंडहून चिमण्या मागवल्या. निकोलस पाइक यांच्या हकिकतीप्रमाणे पहिल्या आठ जोड्या १८५१च्या वसंतात सोडल्या, त्या टिकल्या नाहीत. मग लिव्हरपूलहून बोटीनं आणखी आल्या. त्या ग्रीनवुड स्मशानभूमीत सोडल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला पगारी माणूस नेमला. तेव्हा चिमणीचं कौतुक काय सांगावं! न्यूयॉर्कच्या बागांमधून तिच्यासाठी छोटी छोटी लाकडी घरं टांगली. कवी विल्यम कलन ब्रायंट यांनी तिच्या स्वागताची कविता केली. इतर शहरांनीही मागवल्या. या देशात एखाद्या नवागताचं असं स्वागत फार थोड्या वेळा झालं असेल. तिला व्हिसाच काय, बंगलासुद्धा मिळाला होता.

वीस वर्षांत वारं फिरलं. मोठी चिमणी मुख्यतः दाणे खाते. अळ्या भरवते ती पिल्लांना. शहरात घोडागाड्या, म्हणून रस्त्यावर दाणामिश्रित लीद, म्हणजे तिला बारमाही अन्नछत्र. वर केसाळ सुरवंटांना ती शिवेना आणि जे देशी पक्षी ते खात त्यांना तिनं हुसकून लावलं. १८७०च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञांत याला 'चिमण्यांचं युद्ध' म्हणण्याइतकं भांडण पेटलं. एका बाजूला एलियट कूज, दुसऱ्या बाजूला बोस्टनचे थॉमस ब्रुअर. प्राण्यांवरचा अत्याचार थांबवणारी संस्था काढणारे हेन्री बर्गही चिमण्यांच्या बाजूनं उतरले. १८८९ साली शेतकी खात्यानं वॉल्टर बॅरोज यांचा चारशेहून अधिक पानांचा अहवाल छापला, म्हणजे तो जवळजवळ आरोपपत्रच. मिशिगन, इलिनॉय अशा राज्यांनी मारलेल्या चिमण्यांवर बक्षीस लावलं.

हे सगळं वाचताना मी एका ठिकाणी अडखळलो. चिमणीच्या विरुद्ध त्या काळी जे लिहिलं गेलं, त्यातली विशेषणं पाहावीत. परकी, घाणेरडी, भांडकुदळ, भराभर पोरं काढणारी, इथल्यांच्या तोंडचा घास पळवणारी. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा या देशानं केला तेव्हाची भाषणं आणि ही विशेषणं शेजारी शेजारी ठेवली, तर कुठलं पक्ष्याबद्दल आणि कुठलं माणसाबद्दल हे ओळखणं कठीण जाईल. आपण सगळे इथे आलो ते १९६५च्या कायद्यानं दार रुंद केल्यावर. त्याआधी आपल्यासाठी ते दार किती इंचांचं होतं, हे भगतसिंग थिंड यांच्या १९२३ सालच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मोजून सांगितलंच होतं. तेव्हा 'परकीयांना हाकला' हे शब्द पुस्तकात वाचताना, ते चिमणीबद्दल असले तरी, मला अवघडल्यासारखं झालं.

स्टार्लिंगची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांनी ऐकलेली आहे. १८९०च्या मार्च महिन्यात युजीन शिफेलिन या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साठ स्टार्लिंग सोडले आणि पुढच्या वर्षी आणखी चाळीस. आज ते पार अलास्कापर्यंत पोचले आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांतला प्रत्येक पक्षी अमेरिकेत असावा म्हणून त्यांनी हे केलं, ही गंमत मीही मित्रांना वर्षानुवर्षं सांगत आलो. २०२१ साली दोन अभ्यासकांनी जुने कागद धुंडाळले तेव्हा तिला काही पुरावाच सापडला नाही. ती बरीच नंतर कुणीतरी जोडून दिलेली. सांगितलेल्या सगळ्यांना फोन करून दुरुस्ती कळवणं काही जमलेलं नाही.

या दोन पाहुण्यांच्या मध्ये सापडला तो ब्ल्यूबर्ड. हा कस्तुराच्या कुळातला, सात इंचांचा पक्षी. पाठ निळी, छाती विटकरी, स्वभाव गरीब. जुन्या शेतांच्या कुंपणाला लाकडी खांब असत, ते कुजून त्यांत पोकळ्या होत, आणि ब्ल्यूबर्ड त्यांत राहत. लोखंडी खांब आले. वाळकी झाडं तोडून टाकायची टापटीप आली. फवारे आले. उरलेल्या पोकळ्यांत चिमणी आणि स्टार्लिंग घुसले. न्यूयॉर्क आणि मिसूरी या राज्यांचा राज्यपक्षी हाच, पण विसाव्या शतकाच्या मध्याला वाढलेल्या कित्येक मुलांनी तो डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता.

त्याच्या मदतीला कुठली मोठी संस्था आली नाही. इलिनॉयमधल्या क्विन्सी गावचे टी. ई. मसलमन यांनी १९२६ साली पेट्या लावायला सुरुवात केली आणि पुढे गावाबाहेरच्या रस्त्यांच्या कडेनं, कुंपणाच्या खांबाखांबावर, रांगच्या रांग उभी केली. 'ब्ल्यूबर्ड ट्रेल' ही कल्पना तिथून निघाली. केंटकीतल्या लुईव्हिलचे विल्यम डंकन यांनी कुणालाही घरी ठोकता येईल अशा सोप्या पेटीचा आराखडा काढला आणि लोकांना वाटला. आणि तिसरे लॉरेन्स झेलेनी, आमच्या मेरीलँडचे. हे शेतकी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्राच्या आवारात त्यांनी पेट्या लावल्या आणि जन्मभर त्यांची देखरेख केली. १९७६ साली त्यांनी ब्ल्यूबर्डवर पुस्तक लिहिलं, १९७७च्या जूनमध्ये नॅशनल जिऑग्राफिकमध्ये त्यांचा लेख आला, आणि १९७८ साली त्यांच्या पुढाकारानं नॉर्थ अमेरिकन ब्ल्यूबर्ड सोसायटी स्थापन झाली. १९९५ साली ते वारले. आमच्या चिरंजीवांच्या स्काउटच्या वहीत जी मापं होती ती शेवटी या तिघांच्या परंपरेतली.

या मापात एक न सुटणारं कोडं आहे. दीड इंचाच्या दारातून स्टार्लिंग आत जाऊ शकत नाही, तो थोडक्यात अडकतो. हा इंजिनिअरिंगचा विजय. पण चिमणी ब्ल्यूबर्डपेक्षा लहान! तिला सव्वा इंचसुद्धा पुरतो. ब्ल्यूबर्ड जाईल आणि चिमणी जाणार नाही असं भोक या जगात पाडता येत नाही. मी खूप डोकं चालवलं, माझ्याहून हुशार माणसांनी चालवलं, भोकाचे आकार बदलले, दोऱ्या लोंबवल्या. शेवटी उपाय एकच राहतो. दर आठवड्याला जाऊन पेटी उघडायची आणि चिमणीचं घरटं असेल तर काढून टाकायचं. देशी पक्ष्यांच्या अंड्याला हात लावला तर १९१८चा तो कायदा आडवा येतो; चिमणी, स्टार्लिंग आणि कबुतर त्या कायद्याच्या बाहेर आहेत.

त्या संध्याकाळी हे सगळं मला माहीत नव्हतं. मी आईला एवढंच म्हणालो की ही चिमणी इथली नाही, बाहेरून आणलेली आहे, म्हणून तिला काढायचं. आई शांतपणे म्हणाली, "ती बोटीनं आली, तुम्ही विमानानं आलात. एवढाच फरक ना?" सौ. स्वयंपाकघरात हसली. चिरंजीवांना विनोद कळला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ती मेलेली मादी होती. घरटं त्यांनी काढलंच. आजी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलली आणि सकाळचे दाणे टाकणं तिनं आपणहून बंद केलं. आम्ही तिला तसं सांगितलं नव्हतं.

आई चुकत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण बाजू घ्यायचीच तर मी चिरंजीवांची घेतो. माणूस पेटीत शिरून दुसऱ्याचं डोकं फोडत नाही, निदान सगळेच तसं करत नाहीत, आणि पक्ष्यांच्या हिशोबानं माणसांना मोजणं हाच तर एकोणिसाव्या शतकातल्या त्या लोकांचा दोष होता. तोच हिशोब उलटा करून चिमणीला निर्वासित ठरवणं मला पटत नाही. चिमणीला दुकानाच्या पाटीमागे, दिव्याच्या खांबात, ड्रायरच्या पाइपात कुठेही राहता येतं, आणि अर्धं जग तिचं आहे. ब्ल्यूबर्डला हा एकच खंड आहे. पुढच्या वर्षी आम्ही डेकवरची पेटी काढली आणि दोन्ही पेट्या लांब, कुरणाच्या मोकळ्या कडेला, लोखंडी खांबावर लावल्या. खांबाला साप आणि रॅकूनसाठी पत्र्याची गुळगुळीत नळी. चिमणीला माणसांची घसट आवडते, ती घर सोडून फार लांब जात नाही. त्यामुळे वाद निम्म्यानं मिटला. उरलेला निम्मा मी दर शनिवारी जाऊन मिटवतो. १९६६पासून चाललेल्या देशव्यापी पक्षिगणनेत ब्ल्यूबर्डची संख्या वाढत गेलेली दिसते, आणि त्याचं श्रेय असल्याच हजारो शनिवारांना दिलं जातं.

आता त्याची दुसरी बाजू. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात माझ्या लहानपणी आजोबांच्या तसबिरीमागे, तुळईच्या खाचेत, विजेच्या मीटरवर, सगळीकडे चिमण्यांची घरटी असायची. चिऊच्या मेणाच्या घराची गोष्ट ऐकत जेवायचं आणि जेवताना ताटात वरून काडी पडायची. वाडा पाडून तिथे सदनिका झाल्या. सपाट भिंती, सरकत्या काचा. चिमणीला खाचच उरली नाही. मग नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी लाकडी पेट्या करून लोकांना द्यायला सुरुवात केली, आणि २०१० साली २० मार्चला पहिला जागतिक चिमणी दिन पाळला गेला. भारतभरातल्या नोंदी जमवून २०२० साली जो पक्ष्यांचा अहवाल निघाला, त्यात देशभरात चिमणी एकूण टिकून आहे, पण मोठ्या शहरांत कमी झाली आहे, असं दिसलं. म्हणजे ज्या पक्ष्याचं घरटं मी इथे शनिवारी काढतो, त्याच्यासाठी माझ्या गावात लोक पेट्या टांगत होते.

२०११च्या फेब्रुवारीत मी नाशिकला गेलो तेव्हा आईच्या गॅलरीत एक पेटी दिसली. कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेली, साधी फळ्यांची. पुढे बसायला दांडी होती, ती आधी काढून टाक असं मी सांगणार होतो, पण थांबलो. सवयीनं खिशातली टेप काढून दाराचं माप घेतलं. बरोबर सव्वा इंच.

"काय मोजतोयस?" आईनं आतून विचारलं.

"दार."

"मग जरा हळू," ती म्हणाली. "आत आहे ती."